मोटारीची खांदेमळणी

आमच्या घरात मोडलेली वस्तू फेकून द्यायची पद्धत नव्हती. बादलीच्या बुडाला भोक पडलं की आई डांबर आणि चिंधीनं ते बुजवायची. परड्याच्या दाराची बिजागरी तुटली तेव्हा तिच्या जागी जुन्या चपलेचं चामडं ठोकलं होतं, आणि ते दार पुढं कित्येक वर्षं आवाज न करता उघडत राहिलं. आबांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, औरंगाबादच्या एका अंमलदाराकडून जुनी मोटार घेतली, तेव्हा तीही याच रीतीला लागली. टायर फाटला की विहिरीची मोट शिवणारा माणूस आतून चामड्याचं ठिगळ लावायचा. पंख्याचा पट्टा तुटल्यावर फाटक्या मोटेतून कापलेला पट्टा चढला. ती वाटेत बंद पडली, आणि ती दोन-तीन फेऱ्यांत एकदा पडायचीच, की बैलांची जोडी जाऊन तिला ओढून आणायची. हँडल मारून ती सुरू झाली नाही तरी बैलच लागायचे. दोराला बांधून बैल थोडे पळवले की इंजिन खोकत खोकत जागं व्हायचं. शिरूरच्या बाजाराला आलेली माणसं म्हणायची, "आबासाबाची मोटार बैलावर चालतीया."

बैलांची जबाबदारी एका म्हाताऱ्या गड्याकडं होती. त्याला आम्ही नाना म्हणायचो. मोटार गोठ्याशेजारच्या छपरात उभी राहायची, म्हणून तिचं झाडणं-पुसणंही त्याच्याकडंच आलं. चालवायचा माझा थोरला भाऊ, दादा. तो बीडला वकिली करायचा, सणावाराला घरी यायचा. उर्दू तो फार सुरेख लिहायचा, पण इंग्रजी त्याला येत नव्हतं, आणि मोटारीबरोबर आलेलं तिच्या दुरुस्तीचं पुस्तक इंग्रजीत होतं.

ते वाचायला मी होते. मी हैदराबादला मामांच्या घरी राहून इंग्रजी शाळेत शिकले होते. शाळा संपवून घरी आले तेव्हा माझी मराठी कुणाच्याच ओळखीची राहिली नव्हती. घरची माणसं 'कावून' म्हणायची तिथं मी 'का' म्हणायचे. मी तोंड उघडलं की भांडी घासणाऱ्या बाया एकमेकींकडं बघून पदर तोंडाला लावायच्या. "मडम बोलली," म्हणायच्या. त्यात दुष्टपणा नव्हता, पण मी बोलणं कमी करत गेले, आणि पुढं पुढं बोलायला हवं तिथंही गप्प राहू लागले. नाना तेवढा हसायचा नाही. माझं बोलणं कळलं नाही तर सरळ विचारायचा, "म्हंजी काय, ताईसाब?" आणि मी परत सांगेपर्यंत हातातलं काम थांबवून उभा राहायचा.

त्या श्रावणात माझी थोरली बहीण, अक्का, पहिल्या बाळंतपणासाठी माहेरी आली होती. मुलगा झाला. सहाव्या दिवशी तिला ताप भरला. सुईणीनं काढे दिले, पोट शेकलं. आठव्या दिवशी संध्याकाळी ताप उतरल्यासारखा वाटला. अक्कानं स्वतः होऊन भात मागितला आणि घराला जरा सुटल्यासारखं झालं. तो पोळ्याच्या आदला दिवस होता. दादाही सणासाठी आला होता.

पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी आमच्याकडं बैलांची खांदेमळणी करतात. वर्षभर जू वाहून बैलाच्या मानेला घट्टा पडलेला असतो. त्यावर ऊन पाणी घालायचं, मग तूप-हळद लावून तो मळायचा आणि बैलाच्या कानाशी तोंड नेऊन त्याला उद्याच्या जेवणाचं आवतण द्यायचं. पोळ्याच्या दिवशी त्या मानेवर जू ठेवत नाहीत. काही झालं तरी ठेवत नाहीत.

बाळंतिणीच्या शेगडीसाठी गोवऱ्या आणायला मी मागं गेले होते. गोठ्यातले बैल सगळे मळून झाले होते, पिवळ्या मानांनी कडबा खात होते. नाना छपरात होता. मोटारीचं पुढचं झाकण त्यानं उघडून वर केलं होतं आणि तांब्यानं आत ऊन पाणी घालत होता. मग पळसाच्या पानावरची तूप-हळद बोटांवर घेऊन त्यानं आत हात घातला आणि सावकाश मळायला लागला. बैलाच्या मानेवर फिरतो तसाच त्याचा अंगठा फिरत होता.

मला बघून तो थांबला नाही. "हिचा खांदा कुटं असंल ह्याचा लई इचार केला, ताईसाब," तो म्हणाला. "मंग धेनात आलं. चालून आली की हितंच तापती. बैलाचं बी तसंच. जू जिथं काचतं तिथंच हाताला ऊन लागतं." मग तो वाकला आणि झाकणाखाली तोंड नेऊन अगदी हळू म्हणाला, "आज आवतन घ्या, उंद्या जेवाया या."

ठिणगीचे भाग कोरडे ठेवावेत, त्यांना तेल-पाणी लागू देऊ नये, असं त्या पुस्तकात लिहिलं होतं. दादाला ते मीच वाचून दाखवलं होतं, आणि छपरात उभी असताना मला ते आठवलंही. पण दुसऱ्या दिवशी पोळा होता, मोटार कुठंच जाणार नव्हती. नानाचा चेहरा इतका मन लावून काम करणाऱ्या माणसाचा होता की त्याला पुस्तकातलं काही सांगायचं, तेही माझ्या त्या भाषेत, मला जमेना. परवा दादाला हळूच सांगू असं ठरवून मी गोवऱ्या उचलल्या आणि आत गेले.

पहाटे अक्काचे दात वाजण्याच्या आवाजानं मला जाग आली. चार गोधड्या घातल्या तरी ती बाजेसकट हलत होती. हुडहुडी ओसरली तसा ताप चढला, आदल्या दिवसांपेक्षा कितीतरी जास्त. पोट टणक झालं होतं. ओव्याच्या धुरालाही दबत नव्हता असा वास खोलीत येत होता. सुईणीनं पोटाला हात लावला आणि लगेच काढून घेतला. दाराशी येऊन ती आबांना म्हणाली, "माझ्या हातात राह्यलं न्हाई आता. नगरला लेडी डाक्टर हाय म्हणत्यात. आजच्या आज न्या."

"उद्या नेलं तर?" आबांनी विचारलं.

"उंद्याचं मला इचारू नगा, आबासाब."

आमचं गाव हैदराबाद संस्थानात, नगर इंग्रजी मुलखात होतं. मोटारीनं पाच तासांची वाट, बैलगाडीला दोन दिवस लागायचे. दादानं मोटार अंगणात ढकलून आणवली आणि हँडल मारायला लागला. मारून मारून त्याचा सदरा पाठीला चिकटला. मोटारीतून साधा खोकलाही आला नाही.

"बैल लावा," आबा म्हणाले. झाकण उघडून बघायचं कुणाच्या मनातही आलं नाही, कारण मोटार रुसली की बैल लावायचे हेच आमच्याकडचं औषध होतं. "नाना, थोरली जोडी आण."

नाना जागचा हलला नाही. "आज?"

"आज."

"मालक, काल आवतन देलंय त्यास्नी. जेवाया बोलावून मानंवर जू ठिवायचं व्हय?"

"माझी पोर जातीय, नाना!"

"मला जुपा. मी वढतो. त्यास्नी सांगू नगा."

अंगणात दहा-बारा गडीमाणसं होती. कुणीच वर बघेना. आबा गोठ्याकडं गेले आणि भिंतीला टेकवलेलं जू त्यांनी स्वतः उचलून खांद्यावर घेतलं. त्यांना मी तोपर्यंत कधी जू उचलताना पाहिलं नव्हतं. ते अंगणाच्या मध्यावर आले तेवढ्यात आई आतून धावत आली. डोक्यावरचा पदर घसरल्याचंही तिला भान नव्हतं.

"थांबा," ती म्हणाली. "अक्काला सगळं ऐकू गेलंय. ती म्हणतीय, बैल जुपलं तर मी मोटारीत पाय ठिवणार न्हाई. बाजेचा खूर धरून बसलीय."

"तिला म्हणावं, काय पाप लागायचं ते बापाला लागंल."

"म्हणलं मी. ती म्हणतीय, बाप सोसंल. माझ्या नऊ दिसाच्या पोराला लागलं तर त्यानं काय करायचं?"

आबा जू खांद्यावर घेऊन तसेच उभे राहिले. मग त्यांनी ते खाली ठेवलं. आईनं तोंडात पदर कोंबला. आतून अक्काचं कण्हणं ऐकू येत होतं. घराच्या मागच्या बाजूला बैलांच्या गळ्यातल्या घुंगरमाळा वाजत होत्या, कारण सणाचं कुणी थांबवलं नव्हतं.

मग माणसांनी ढकललं. अंगणातून वेशीपर्यंत आणि वेशीपासून परत अंगणात. तिसऱ्या फेरीला दादानं ओरडून सगळ्यांना थांबवलं आणि झाकण उघडलं. आत हात घालून काढला तर बोटं पिवळी. त्यानं ती नाकाशी नेली.

"तूप?" तो म्हणाला. "हिच्यात तूप कुणी घातलं?"

"म्या," नाना म्हणाला. "खांदे मळले."

मागं कुणीतरी फिसकन हसलं आणि लगेच गप्प झालं. दादाच्या हातात हँडल होतं. क्षणभर मला भीती वाटली. "आरं, बैल हाय का ती?" तो ओरडला. "शिंगं बी रंगवायची हुती की! झूल घालायची हुती! बहीण मरतीय माझी, आन तू…" त्यानं हँडल जमिनीवर आपटलं. नाना आपल्या तळव्यांकडं बघत होता. त्यांच्या रेघांमध्ये अजून हळद होती.

मी ओसरीच्या खांबाआड उभी होते. मी पाहिलं होतं, हे सांगायची ती वेळ होती. मी सांगितलं नाही.

"पुस्तक आण," दादा मला म्हणाला. "आन हितं बाहीर येऊन वाच."

मी इतक्या पुरुषांसमोर कधी उभी राहिले नव्हते. वाचलेलं मला कळत होतं, पण ते मराठीत आणायला शब्द नव्हते. शाळेत आम्हाला नद्यांची आणि राजांची नावं शिकवली होती, मोटारीच्या आतल्या वस्तूंना आपल्याकडं काय म्हणतात ते कोण शिकवणार? मी बोट दाखवून सांगत गेले. "हे पुढं गोल आहे ना, त्याच्या आत एक काटा फिरतो. तो चार ठिकाणी टेकतो आणि सुटतो. टेकला की ठिणगी पडते. ती जागा स्वच्छ हवी." दादा नुसता बघत राहिला. "म्हंजी काय, ताईसाब?" मागून नानाचा आवाज आला. दादानं चमकून बघितलं. मी परत सांगितलं. नाना पुढं झाला, गोल झाकणाचा खटका त्यानं बोटानं शोधून काढला आणि ते उघडलं. आत तूप थिजून पांढरट झालं होतं. धोतराचं टोक पेट्रोलात बुडवून तो ते पुसायला लागला. दादानं त्याला हटकलं नाही.

मोटारीत बसायच्या जागेपुढं, झाकणाला लागून, चार लाकडी डब्या होत्या, साबणाच्या वडीहून थोड्या मोठ्या. ठिणगी त्यांच्यातून यायची. नानानं पाणी घालताना त्या चांगल्याच भिजल्या होत्या. पुस्तकात लिहिलं होतं की त्या ओल्या झाल्यास मंद उबेत वाळवाव्यात, विस्तवाजवळ नेऊ नयेत, कारण आत डांबर भरलेलं असतं. आभाळ झाकलेलं होतं, ऊन नव्हतं. मंद ऊब घरात एकाच ठिकाणी होती, अक्काच्या बाजेखालच्या शेगडीत. त्या खोलीत पुरुष जाऊ शकत नव्हते. दादानं डब्या उपसून माझ्या पदरात घातल्या.

मी शेगडी बाजेखालून ओढून घेतली, तिच्याभोवती चार डब्या मांडल्या आणि बसले. आई बाळाला घेऊन पलीकडं गेली होती. सुईण गावात, अंगावर पाजणारी बाई शोधायला गेली होती. अक्कानं मान वळवली. तिचे ओठ फुटले होते.

"काय गं ते?"

"मोटारीचं आहे. भिजलं आहे, वाळवते आहे."

"तिला बी बाळंतिणीचा शेक लागतो व्हय?" ती हसायला गेली आणि पोट धरून थांबली. बऱ्याच वेळानं म्हणाली, "भिजलं कसं?"

खोलीत आम्ही दोघीच होतो. मी तिला सांगितलं. छपरातलं, तांब्यातलं ऊन पाणी, पळसाचं पान, आणि मी तिथंच उभी राहून ते सगळं पाहिलं तेही.

"मंग बोलली कावून न्हाईस?"

मी शेगडीजवळची एक डबी फिरवून ठेवली. ती माझ्याकडं बघत राहिली. तिच्या डोळ्यांत राग नव्हता, मला समजून घ्यायचा प्रयत्न होता, आणि मग तोही राहिला नाही, कारण पुन्हा हुडहुडी आली. बाज हलायला लागली. मी उठून तिच्या अंगावर आडवी पडले, दोन्ही हातांनी तिला दाबून धरलं. तिचे दात माझ्या खांद्यापाशी वाजत होते. मध्येच ती काहीबाही बोलायला लागली, कुणाला तरी विहिरीवर हाक मारत होती. किती वेळ गेला कोण जाणे. डांबराचा वास आला तेव्हा मी भानावर आले. मघा उठताना माझा पाय लागून एक डबी शेगडीला जाऊन टेकली होती. तिच्या सांध्यातून काळं काही पाझरत होतं.

मी ती पदरानं पुसली, इतर तिघींबरोबर ठेवली आणि बाहेर नेऊन दादाला दिली. तेव्हाही काही बोलले नाही. त्यानं चारही डब्या जागेवर बसवल्या, हँडल मारलं, आणि मोटार सुरू झाली. अंगणात आरडाओरडा झाला. पण तिचा आवाज नेहमीचा नव्हता. चालताना लंगडावं तसा चौथा ठोका दर वेळी चुकत होता. तो कशानं चुकतो हे मला ठाऊक होतं.

दुपार कलली होती. अक्काला गोधडीत धरून मागच्या बैठकीवर निजवलं, डोकं माझ्या मांडीवर. डॉक्टरणीशी बोलायला मी हवी होते, म्हणून मला नेलं. आई बाळापाशी राहिली. अक्कानं बाळाला एकदा बघायला मागितलं, बघितलं, आणि तोंड फिरवलं. आबा पुढं दादाशेजारी बसले. नाना कुणी न सांगता बाजूच्या फळीवर चढून उभा राहिला.

सिंदफणा नदीच्या पात्रात त्या साली घोट्याएवढंच पाणी होतं. मोटार पाण्यातून पार झाली आणि पलीकडच्या चढावर अर्ध्यातच अडकली. इंजिन ओरडत होतं, चाकं वाळू उडवत होती, आणि आम्ही इंचाइंचानं मागं येत होतो. नानानं उडी मारून चाकाखाली दगड घातला. दादानं पुन्हा जोर लावला. पुन्हा तेच. चढाच्या वर पलीकडच्या गावाची वेस होती आणि तिथं त्या गावचा पोळा जमला होता. शंभराच्या वर बैल असतील. रंगवलेली शिंगं, झुली, कपाळावर बाशिंगं. आमच्या इतक्या जवळ की त्यांच्या अंगाचा वास येत होता, आणि त्यातल्या एकालाही दोर लावता येत नव्हता.

"हळद लाव आता!" दादा नानावर ओरडला. "लाव की! चढंल वर!"

अक्का माझ्या मांडीवर डोळे अर्धे उघडे ठेवून पडली होती. तिचा श्वास कुत्र्याच्या धापेसारखा चालला होता. मी म्हणाले, "त्याला बोलू नकोस. एक डबी माझ्याकडून भाजली. आणि काल तो मळत होता तेव्हा मी बघितलं होतं. मला माहीत होतं."

दादानं मान वळवून माझ्याकडं पाहिलं. आबांनीही. "मंग तोंडाला काय झालतं तुझ्या?" दादा म्हणाला. त्याचा आवाज चढला नव्हता, म्हणून तो मला जास्त लागला.

"असू द्या, मालक," खालून नाना म्हणाला. "आदी वर जाऊ."

वेशीतली माणसं मजा बघायला उतारावर आली होती. "मोटारीला बी पोळा हाय का काय बे?" एकानं विचारलं. "ह्या बैलाला कडबा नगं, तेल पेतो," दुसरा म्हणाला. "आज खाडा हाय त्याचा, चालायचा न्हाई." मग पहिला जवळ आला, त्यानं मागच्या बाजूला डोकावून पाहिलं आणि डोक्यावरचा पटका सारखा केला. "बाळंतीण हाय रं," तो मागं वळून म्हणाला.

पुढचं फार भराभर झालं. पोळ्याला प्रत्येक बैलाला नवा कासरा घेतात. त्या माणसांनी बैलांचे नवे कासरे सोडले, पीळ घालून जाड केले आणि मोटारीच्या पुढच्या दांडीला बांधले. पंधरा-वीस जण दोराला लागले. "आज आपुनच बैल," कुणीतरी म्हणालं, आणि दुसऱ्यानं त्याला शेपटी नसल्याबद्दल काहीतरी टोमणा मारला. नाना सगळ्यांच्या पुढं, दोर मानेच्या मागून घेऊन उभा होता. त्याचं वय त्या कामाचं नव्हतं. आबा पायताण काढून खाली उतरले आणि दोराला लागले. ते लोक आबांना ओळखत होते की नाही ठाऊक नाही, पण कुणी त्यांना बाजूला सारलं नाही. सगळे मिळून ओढायला लागल्यावर मोटार हलली, थांबली, परत हलली. कासरा सुटलेले बैल वेशीतून वाट फुटेल तिकडं निघाले होते आणि बाया त्यांच्यामागं धावत होत्या. आम्ही वर पोचलो तेव्हा नानाच्या सदऱ्यावर, मानेपाशी, रक्ताचा पट्टा उमटला होता.

आबांनी त्याला आत, आपल्या शेजारी बसवलं.

हद्दीवरच्या करोडगिरीच्या, म्हणजे जकातीच्या, नाक्यावर कारकून झडती घ्यायला आला, पण मागं कंदील धरून बघितल्याबरोबर त्यानं आडवा बांबू उचलला. उरलेली वाट मोटार तीन ठोक्यांवर चालली. प्रत्येक चढाला मी अक्काच्या नाकापाशी हात धरायचे.

नगरला पोचलो तेव्हा रात्र बरीच झाली होती. डॉक्टरीणबाई उंच, वयस्कर होत्या. त्या इंग्रजीत विचारत होत्या आणि मी सांगत होते. ताप केव्हापासून, बाळंतपण कुणी केलं, पोट कधी फुगलं. "एवढा उशीर का केला?" त्यांनी विचारलं. इतका वेळ मी त्यांना नीट उत्तरं दिली होती. या प्रश्नाला मी म्हणाले, मोटार बिघडली होती. त्यांनी मान हलवली, कागदावर काही लिहिलं, आणि अक्काला आत नेलं. तीन दिवस गेल्याशिवाय मी काही सांगू शकत नाही, एवढंच त्या मला म्हणाल्या. ते मी आबांना मराठीत सांगितलं. आबा भिंतीला टेकून खाली बसले.

तीन दिवसांनी त्या म्हणाल्या, अजून तीन दिवस. मी अक्काच्या खाटेशी राहिले. दर थोड्या वेळानं चमच्यानं पाणी घालायचं, ओठ ओले करायचे. ती मला ओळखायची नाही, मग ओळखायची, मग परत नाही. तिथल्या अकराव्या दिवशी पहाटे तिचं कपाळ माझ्या हाताला थंड लागलं आणि मी घाबरून हाका मारल्या. परिचारिका धावत आली, तिनं नाडी धरली आणि मला गप्प राहायची खूण केली. ताप गेला होता.

दुपारी अक्कानं स्वतःच्या छातीवर हात फिरवला. तिथं घट्ट फडकं बांधलेलं होतं.

"हे कावून बांधलंय?"

"दूध आटवायला," मी म्हणाले. "तापात ते बाळाला चाललं नसतं. बाळ दुसरीकडं पितंय. चांगलं आहे."

तिनं फडक्याची गाठ बोटांनी चाचपली. "सगळं आटलं?"

"हो."

महिन्यानं आम्ही घरी आलो. मोटार अंगणात थांबली. अक्का आबांचा हात न धरता स्वतःच्या पायांनी उतरली, तेव्हा नाना गोठ्याच्या दाराशी उभा होता. तिला चालताना बघून तो आत निघून गेला. अक्काचे केस पुंजक्या-पुंजक्यानं गळले होते, पदर सारखा पुढं ओढून घेत होती.

ओसरीवर ती पाजणारी बाई बाळाला घेऊन बसली होती. ते तिच्या अंगाला बिलगून झोपलं होतं, गुबगुबीत झालं होतं. अक्कानं त्याला उचललं. त्यानं डोळे उघडले, वर बघितलं आणि किंचाळायला लागलं. असं की त्याला श्वास घेता येईना. ती बाई चटकन उठून हात पुढं करून उभी राहिली. आईही पुढं झाली.

"दे तिच्याकडं," आई म्हणाली. "ओळख पटंल हळूहळू. दूध बी हवं आसंल त्याला."

अक्कानं दिलं नाही. "पाणी तापलंय का?" तिनं विचारलं. न्हाणीघरात जाऊन ती पाय लांब करून भिंतीला टेकून बसली आणि बाळाला पायांवर आडवं घेतलं. ते तापल्या तव्यावर असल्यासारखं हातपाय झाडत होतं. तिचे पाय इतके वाळले होते की बाळ मधल्या फटीतून घसरायचं आणि ती त्याला पुन्हा वर ओढून घ्यायची. मी तांब्या भरून देत होते. दाराशी ती बाई आणि आई कासावीस होऊन उभ्या होत्या.

"अगं, निळं पडंल ते," आई म्हणाली. "किती रडतंय!"

"रडू दे," अक्का म्हणाली आणि तिनं माझ्या हातातून तांब्या घेतला.